घरच्या शाळेत तर्कशास्त्र

मराठी भाषेत तर्काला फारसे प्रेमाचे स्थान नाही. 'तर्कट', 'काथ्याकूट', 'शब्दांचा कीस', 'वितंडवाद' हे शब्द आपण सहज वापरतो आणि त्या प्रत्येकात किंचित तिटकारा दडलेला असतो. जो फार प्रश्न विचारतो त्याला आपण 'दीडशहाणा' म्हणतो. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, ही म्हण तर आपल्या तोंडी नेहमीचीच. उलट 'भोळा भाव', 'साधाभोळा' ह्या शब्दांना आपल्याकडे केवढा मान! अशा वातावरणात 'आमच्या मुलांना तर्कशास्त्र शिकवा' अशी मागणी घेऊन कुणी आले, तर नवल वाटणे साहजिक आहे. त्यातही ती मुले शाळेत जात नसून घरीच शिकत असली, तर ते नवल दुप्पट होते.

असे एक दांपत्य २०२२ च्या पावसाळ्यात आमच्याकडे आले. २०२० साली करोनाच्या साथीत शाळांना कुलुपे लागली, तेव्हा ह्यांच्या घरी आईनेच तिन्ही मुलांचा अभ्यास हाती घेतला. पुढे शाळा उघडल्या, पण मुले परत गेली नाहीत. थोरला तेव्हा तेरा वर्षांचा, मधली अकराची आणि धाकटा आठाचा. वडील इंजिनिअर, आई लग्नापूर्वी शिक्षिका होती. आपल्या देशातील २००९ चा शिक्षणहक्क कायदा सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना शाळेचा हक्क देतो. घरी शिकवणाऱ्यांविषयी त्यात स्पष्ट शब्द नाही. अशी मुले पुढे बहुधा राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्थेमार्फत दहावीच्या परीक्षेस बसतात. ह्या कुटुंबाचाही तोच विचार होता.

वडिलांचे म्हणणे सरळ होते. मुलांच्या हाती आता फोन आहे, त्यावर खऱ्याखोट्याचा पूर वाहतो आहे, त्यात मुलांना पोहता आले पाहिजे. आईची काळजी निराळी होती. ती म्हणाली, "फादर, आधीच उलट उत्तरं देतात. आणखी तर्क शिकवला तर घरात राहणं कठीण होईल."

वडिलांची मागणी त्यांच्या अमेरिकेतील एका नातलगाकडून आली होती, हे मागाहून कळले. तिकडे घरी शिकवण्याच्या प्रथेने गेल्या काही दशकांत चळवळीचे रूप घेतले आणि १९९३ पर्यंत पन्नासही राज्यांत ती कायदेशीर ठरली. त्या चळवळीतील अनेक ख्रिस्ती कुटुंबांनी तर्कशास्त्राला अभ्यासक्रमात मानाचे पान दिले आहे. त्यांच्या प्रेरणेचा एक झरा एका इंग्लिश लेखिकेच्या निबंधात सापडतो. रहस्यकथांसाठी आणि दान्तेच्या अनुवादासाठी प्रसिद्ध असलेल्या डोरोथी सेअर्स ह्यांनी १९४७ साली ऑक्सफर्ड येथे 'द लॉस्ट टूल्स ऑफ लर्निंग' हा निबंध वाचला. आपण मुलांना विषय शिकवतो, पण विचार कसा करावा हे शिकवीत नाही, ही त्यांची मुख्य तक्रार. व्याकरण, तर्क आणि वक्तृत्व ही मध्ययुगातील त्रयी त्यांनी मुलांच्या वाढीच्या तीन अवस्थांशी जोडली. लहान वयात मूल पोपटासारखे पाठ करते; त्याला पाठांतर द्यावे. मग मोठ्यांना चुकीत पकडण्याचे, उलट बोलण्याचे वय येते. त्या वयाला तर्क द्यावा. त्यानंतर मन स्वतःला व्यक्त करू पाहते. तेव्हा वक्तृत्व द्यावे. बाई स्वतः वयाच्या पंधराव्या वर्षापर्यंत घरीच शिकल्या होत्या आणि लॅटिनचे पहिले धडे त्यांना पाद्री असलेल्या वडिलांनी दिले होते. तेव्हा उलट उत्तरे हे तर्क न शिकवण्याचे कारण नसून तो शिकवण्याची वेळ आल्याची खूण आहे, एवढे तरी त्या मातेला सांगण्यास आम्हांस आधार होता.

आम्ही स्वतः तर्कशास्त्र शिकलो ते सेमिनरीत, तत्त्वज्ञानाच्या पहिल्या वर्षी. बार्बारा, सेलारेंट, दारी, फेरिओ ही नावे तेव्हा आम्ही रांगेने घोकली. बार्बारा ही कुणी बाई नव्हे. सर्व माणसे मर्त्य, सर्व राजे माणसे, म्हणून सर्व राजे मर्त्य, अशा अनुमानाचे ते नाव. त्यातील तीन 'आ' म्हणजे तीन सर्वव्यापी होकारार्थी विधाने. ह्या नावांपेक्षाही उपयोगी पडली ती जुन्या वादसभांची एक रीत. आमच्या वेळेपर्यंत त्या सभा मावळल्या होत्या, पण एका वृद्ध प्राध्यापकांनी त्यांची शिस्त आम्हांस सांगितली होती. प्रतिपक्षाचा मुद्दा आधी आपल्या तोंडाने पुन्हा मांडायचा आणि मग त्यातील एकेका विधानाला तीनपैकी एक उत्तर द्यायचे: मान्य, अमान्य किंवा 'भेद करतो'. भेद करतो म्हणजे, ह्या अर्थाने तुमचे म्हणणे खरे, त्या अर्थाने नव्हे. संत थॉमस अक्वायनस ह्यांचा महाग्रंथही ह्याच शिस्तीत बांधलेला आहे. प्रत्येक प्रश्नावर ते आधी विरोधकांचे आक्षेप मांडतात आणि मगच स्वतःचे उत्तर देतात.

शनिवारी दुपारी चार वाजता, चर्चच्या आवारातील आमच्या निवासाच्या व्हरांड्यात धडे सुरू झाले. पुस्तक ठेवले नाही. आपल्या म्हणींत आणि रोजच्या बोलण्यात तर्कशास्त्राचे अर्धे पुस्तक पडलेले आहे, तेवढे वेचायचे ठरवले.

पहिल्या दिवशी आम्ही तीन वाक्ये सांगितली. पाऊस पडला की अंगण ओले होते. अंगण ओले आहे. म्हणून पाऊस पडला. धाकटा लगेच म्हणाला, "आजीनं बादली ओतली असेल." पाठ्यपुस्तके ज्या दोषाला पानेच्या पाने देतात, तो आठ वर्षांच्या मुलाने एका श्वासात पकडला. मग आम्ही वाक्ये फिरवली. पाऊस पडला की अंगण ओले होते. अंगण कोरडे आहे. म्हणून पाऊस पडलेला नाही. हे बरोबर की चूक? मधली विचार करून म्हणाली, "वर ताडपत्री बांधली असली तर?" तेव्हा त्या मुलांना तर्कशास्त्रातील सर्वांत मोलाचा भेद सांगता आला. ताडपत्रीचा आक्षेप शेवटच्या पायरीवर नाही, तो पहिल्याच वाक्यावर आहे. अनुमानाला एक पाया असतो आणि एक पायरी असते. पायरी नीट असूनही पाया भुसभुशीत असू शकतो, आणि पाया पक्का असूनही माणूस पायरी चुकू शकतो. कुणाचे बोलणे पटले नाही, तर आधी विचारावे: पाया डळमळतो की पायरी? 'पाया की पायरी' हा त्या व्हरांड्यातला परवलीचा शब्द झाला.

पुढच्या आठवड्यात शितावरून भाताची परीक्षा. ह्या विषयात अधिकार आईचा, म्हणून तिलाच विचारून या असे सांगितले होते. मुले उत्तर घेऊन आली: भांडे एक, पाणी एक, विस्तव एक, म्हणून एक शीत साऱ्या भाताची साक्ष देते, पण तळाला भात लागला असेल तर वरचे शीत ते सांगणार नाही. नमुन्यावरून अनुमान केव्हा करावे आणि केव्हा करू नये, ह्याचा सगळा सिद्धान्त त्या स्वयंपाकघरातून आला. मग प्रश्न असा की, अमुक गावच्या एका माणसाने आपल्याला फसवले म्हणून सारा गाव लबाड, असे आपण म्हणतो तेव्हा भांडे एक असते काय? गावातली माणसे एका विस्तवावर शिजलेली असतात काय?

त्यानंतर कावळा बसायला आणि फांदी मोडायला. संस्कृतात ह्यालाच काकतालीय न्याय म्हणतात. एकापाठोपाठ दोन गोष्टी घडल्या म्हणून पहिलीमुळे दुसरी झाली, असे मानण्याची खोड माणसाला फार जुनी असली पाहिजे. एरवी तिच्यावर म्हण झाली नसती. मग 'खाण तशी माती' घेतली. बोलणारा कोण ह्यावरून बोलण्याचा निवाडा करू नये, हे सांगण्यासाठी. दर आठवड्याचा गृहपाठ एकच असे: घरात, बाजारात किंवा फोनवर आलेले एक विधान घेऊन यायचे. मधलीने एकदा असा निरोप आणला की, ज्याची सुरुवात 'शास्त्रज्ञांनी सिद्ध केले आहे' अशी होती. कोणत्या शास्त्रज्ञांनी, कुठे, केव्हा, ह्यांपैकी एकाचेही उत्तर त्यात नव्हते. दहा जणांना पाठवा ही आज्ञा मात्र होती.

आपल्या न्यायशास्त्राचीही मुलांना ओळख करून दिली. सतराव्या शतकातील अन्नंभट्टांनी 'तर्कसंग्रह' रचला तो बालांना सहज कळावे म्हणून, असे त्यांनी आरंभीच म्हटले आहे. तेथे 'बाल' म्हणजे शास्त्रात नवखा, वयाने लहानच असे नव्हे. त्या परंपरेतील अनुमानाला पाच अवयव असतात: प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय आणि निगमन. डोंगरावर अग्नी आहे. कारण तेथे धूर आहे. जेथे धूर तेथे अग्नी, जसे स्वयंपाकघर. हा डोंगरही तसाच. म्हणून तेथे अग्नी आहे. ग्रीकांच्या अनुमानात नसलेली एक गोष्ट येथे आहे: नुसता नियम सांगून भागत नाही, तो कुठे पाहिला हेही सांगावे लागते. आणि पाहिला तो कुठे? स्वयंपाकघरात! घरी शिकणाऱ्या मुलांना हे फार आवडले.

त्याच परंपरेने चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत. सत्य कळावे म्हणून चालतो तो वाद. जिंकावे म्हणून चालतो तो जल्प. आणि स्वतःचा काहीच पक्ष न मांडता समोरच्याचे नुसते खंडन करायचे ती वितंडा. मराठीने ह्यांपैकी 'वाद' ह्या चांगल्या शब्दाला भांडणाचा अर्थ देऊन टाकला, ही खेदाची गोष्ट आहे. आम्ही मुलांपुढे नियम ठेवला: येथे फक्त वाद. दुसऱ्याचे म्हणणे आपण मांडून दाखवावे, त्याने 'हो, हेच मी म्हणालो' असे म्हणावे, आणि मगच त्याला उत्तर द्यावे.

कसोटी हाती आली की ती कुठे लावायची हे शिकवणाऱ्याच्या हातात राहत नाही. एका शनिवारी मधलीने विचारले, "फादर, आजी आजारी होती तेव्हा आम्ही नोव्हेना केली आणि ती बरी झाली. हे कावळा आणि फांदी का?" भाऊ गप्प झाले. मुलीच्या डोळ्यांत खोडी नव्हती; तिला खरोखर जाणून घ्यायचे होते. आम्ही म्हणालो, "भेद करतो. नोव्हेनेनंतर आजी बरी झाली एवढ्यावरून नोव्हेनेमुळे बरी झाली हे सिद्ध होत नाही. तसे म्हणशील तर ती पायरी चुकेल. पण आजी बरी झाली नसती, तरी आपण प्रार्थना केलीच असती. म्हणजे आपण प्रार्थना करतो ती औषधाचा गुण पाहण्यासाठी करीत नाही." मग तिला लूर्दची हकिकत सांगितली. तेथे १८८३ पासून वैद्यकीय तपासणीचे कार्यालय आहे. बरे झाल्याचे सांगणारे हजारो लोक आले, पण ख्रिस्तसभेने आजवर चमत्कार म्हणून मान्य केलेल्या घटना सत्तरच्या किंचित वर आहेत. कावळा कोणता आणि फांदी कोणती, हे विचारण्याची ख्रिस्तसभेलाही गरज वाटली. मुलीचे पुरते समाधान झाले असे नव्हे. ती पुढच्या आठवड्यात आणखी दोन प्रश्न घेऊन आली.

आमच्यापुढे विचारलेला प्रश्न तासाभरात संपत असे. आईवडिलांचे तसे नाही. शाळेत गुरुजींचे विधान मुलाने खोडून काढले, तरी संध्याकाळी मूल निराळ्या घरी जाते. घरच्या शाळेत गुरू आणि बाप एकच असतो. वर्गात हरलेला गुरुजी रात्री त्याच ताटाशी बसतो. म्हणून घरी तर्क शिकवणे हे शाळेत शिकवण्याहून अवघड काम आहे. ह्याचा सर्वांत प्रसिद्ध दाखला आमच्या मनात त्या दिवसांत वारंवार येत असे, तो जॉन स्टुअर्ट मिल ह्यांच्या बालपणाचा.

मिल १८०६ साली लंडनमध्ये जन्मले आणि शाळेत कधी गेलेच नाहीत. वडील जेम्स मिल ह्यांनी त्यांना तिसऱ्या वर्षी ग्रीक आणि आठव्या वर्षी लॅटिन शिकवायला सुरुवात केली. जेम्स मिल त्या वेळी आपल्या हिंदुस्थानाचा इतिहास लिहीत होते. एकाच टेबलावर एका बाजूला बाप लिही आणि दुसऱ्या बाजूला मुलगा ग्रीक वाची. मुलाला इंग्रजीतून अर्थ देणारा ग्रीक कोश उपलब्ध नव्हता, म्हणून अडलेला प्रत्येक शब्द तो बापाला विचारी. आणि स्वभावाने अत्यंत उतावळा असलेला तो बाप हा व्यत्यय सोशीत खंडामागून खंड लिहीत गेला. सकाळी न्याहारीपूर्वी दोघे फिरायला जात, तेव्हा मुलाने आदल्या दिवशी वाचलेल्याचा गोषवारा सांगायचा. बाराव्या वर्षी तर्कशास्त्र सुरू झाले. ॲरिस्टॉटलचा ग्रंथ, मध्ययुगीन लॅटिन पुस्तके आणि मग हॉब्ज. बॅगशॉटच्या माळरानावर फिरताना वडिलांनी विचारले, ह्या अनुमानशास्त्राचा उपयोग काय, ते तूच शोधून सांग. मुलाला ते जमले नाही. वडिलांनी सांगितलेलेही तेव्हा पुरते कळले नाही. पण मनात रुजले. जे विचाराने शोधता येण्याजोगे आहे, ते मुलाचे सगळे प्रयत्न संपल्याखेरीज सांगायचे नाही, ही त्या पित्याची रीत होती. चुकीच्या युक्तिवादाची चिरफाड करून दोष नेमका कुठे आहे ते काढणे, ही आपल्याला साधलेली पहिली बौद्धिक क्रिया, असे मिल ह्यांनी आत्मचरित्रात सांगितले आहे. काटेकोर विचार करणारी माणसे घडवण्यास तर्कशास्त्राएवढे उपयोगी शिक्षण दुसरे नाही, गणितही नाही, असे त्यांचे मत होते.

येथवर हा दाखला घरी शिकवणाऱ्या कोणत्याही पित्याला मोह घालील असा आहे. पण त्याला आणखी दोन बाजू आहेत.

पहिली बाजू आपल्या देशाशी निगडित आहे. ज्या पित्याने मुलाला एवढी काटेकोर पायरी शिकवली, त्याने स्वतः हिंदुस्थानात कधी पाऊल टाकले नव्हते आणि येथील भाषा त्याला येत नव्हत्या. १८१७ च्या अखेरीस प्रसिद्ध झालेल्या त्या इतिहासाच्या प्रस्तावनेत, प्रत्यक्ष न पाहिलेला माणूस कागदपत्रांवरून अधिक निःपक्षपाती निवाडा करू शकतो, असे समर्थनही त्याने केले आहे. पुढे संस्कृतज्ञ होरेस हेमन विल्सन ह्यांनी त्याच ग्रंथाची आवृत्ती काढली आणि तळटीपांतून जागोजाग दुरुस्त्या केल्या. पायरी तासून घेतलेली, पाया मात्र स्वयंपाकघर न पाहता धुराविषयी लिहिणाऱ्याचा! जेम्स मिल १८१९ पासून ईस्ट इंडिया कंपनीच्या लंडनच्या कचेरीत होते आणि १८२३ साली सतरा वर्षांचे जॉनही तेथेच चिकटले, ते १८५८ पर्यंत. ह्या देशाविषयीचे मसुदे असे दोन पिढ्या त्या घरातून लिहिले गेले.

दुसरी बाजू अधिक खोल आहे. १८२६ च्या शरद ऋतूत, विसाव्या वर्षी, जॉन मिल ह्यांना एकाएकी सारे निरर्थक वाटू लागले. आपण ज्यासाठी झटतो ते सर्व ह्या क्षणी साध्य झाले तर आपल्याला आनंद होईल काय, असे त्यांनी स्वतःला विचारले आणि आतून नाही असे उत्तर आले. पृथक्करणाची सवय भावना झिजवून टाकते, असे त्यांना वाटू लागले. ह्या अवस्थेत त्यांना वडिलांकडे जावेसे वाटले नाही. अडचणीत ज्याच्याकडे जायचे, तोच मदत मागण्याच्या दृष्टीने शेवटचा माणूस होता, असे ते लिहितात. वडिलांच्या मुलांशी असलेल्या नात्यात उणीव होती ती कोमलतेची, असेही त्यांनी नोंदवले आहे. आणि १८७३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या आत्मचरित्रात आईचा उल्लेखच नाही. मार्माँतेल ह्या फ्रेंच लेखकाच्या आठवणींत वडिलांच्या मृत्यूने उघड्यावर पडलेल्या घराला धीर देणारा एक लहान मुलगा आहे. तो प्रसंग वाचताना मिल ह्यांच्या डोळ्यांत पाणी आले, आणि आपण लाकूड झालेलो नाही हे त्यांना कळले. दोन वर्षांनी वर्ड्सवर्थच्या कवितेने ते आणखी सावरले. त्यांनी तर्क टाकून दिला नाही. १८४३ साली त्यांनी तर्कशास्त्रावर मोठा ग्रंथ लिहिला आणि त्याच्या सहा भागांपैकी एक संपूर्ण भाग तर्कदोषांना दिला. तर्काला भावनेची जोड हवी, एवढे मात्र ते जन्मभर सांगत राहिले.

ही हकिकत आम्ही त्या वडिलांना एकदा सविस्तर सांगितली होती. ती उपयोगी पडेल असा प्रसंग पुढच्याच वर्षी आला. थोरल्याला शाळेत जावेसे वाटू लागले. वडिलांनी जेवताना नकार दिला आणि कारणे सांगितली. मुलाने ती वहीत उतरवली. पहिले कारण होते, 'शाळेतली सगळी मुले नुसती घोकतात.' मधलीने तिथल्या तिथे विचारले, "पप्पा, शितावरून भात? आपल्या आळीतली किती मुलं तुम्ही विचारलीत?" ज्या एका विधानावर त्या घराचा सारा निर्णय उभा होता, नेमके तेच पोरीने बोटाने दाबून पाहिले. वडील ताटावरून उठले. पुढचे दोन शनिवार मुले आली नाहीत.

तिसऱ्या शनिवारी वही घेऊन मुलगा आला आणि मागोमाग वडील. "फादर, ह्यासाठी का मी मुलांना तुमच्याकडे पाठवलं?" त्यांचा आवाज चढलेला होता. आम्ही त्यांना खुर्ची दिली आणि म्हणालो, "ह्यासाठीच पाठवलं होतं. फोनवरच्या खोट्याला लावायची कसोटी घरच्या बोलण्याला लावायची नाही, असं मुलांना शिकवता येत नाही. तसं शिकवलं तर ती कसोटी राहत नाही." मग व्हरांड्याचा नियम लावला. मुलाने आधी वडिलांचा पक्ष मांडायचा. दोनदा वडिलांनी मान हलवली, असे नव्हे. तिसऱ्यांदा मुलगा थांबत थांबत म्हणाला, "पप्पांना वाटतं, शाळेत गेलो की मी घरी बोलणार नाही. आधी मी शाळेत होतो तेव्हा आम्ही रविवारीच बोलायचो." वहीत हे कारण कुठेच नव्हते. वडील बराच वेळ बोलले नाहीत. मग हळूच म्हणाले, "हो. हे आहे त्यात."

त्यानंतर वहीतले काम सोपे होते. 'सगळी' हा शब्द वडिलांनी स्वतः खोडला आणि 'आमचा थोरला घोकत असे' असे लिहिले. हे मुलाने मान्य केले. मुलाचे कारण होते, शाळेत गेलो की मित्र मिळतील. त्यावर मधलीने ती पायरी कच्ची असल्याचे दाखवले. शाळेत जाऊनही एकटी राहणारी मुले असतात. तेही मान्य झाले. अंधार पडेपर्यंत वहीत थोडीच कारणे उरली, पण उरली ती दोघांनाही कबूल होती. जूनमध्ये थोरला गावच्या हायस्कुलात नववीत गेला. धाकटी दोघे घरीच शिकत राहिली. बापलेक रात्री जेवणानंतर विहिरीपर्यंत फेरी मारतात, असे आजीकडून कळले.

त्या मातेला आम्ही मागाहून विचारले, उलट उत्तरे वाढली काय? ती हसली. म्हणाली, "वाढली. पण आता आधी माझं म्हणणं मला सांगून दाखवतात, आणि तोवर माझा राग निम्मा उतरतो."

वाचकहो, घरी शिकवणारी कुटुंबे आपल्यात मूठभर आहेत. पण शाळेत जाणारे मूलही संध्याकाळी घरीच येते, आणि विचार करायला ते बव्हंशी जेवणाच्या ताटाशी शिकते. तेथे त्याच्या 'कशावरून?' ह्या प्रश्नाला काय उत्तर मिळते, ह्यावर पुष्कळ अवलंबून आहे. 'मी सांगतो म्हणून' हे उत्तर लहान मुलाला विजेच्या बटणापासून दूर ठेवण्यास पुरेसे आहे. बारा वर्षांच्या मुलाला ते पुरणार नाही आणि पुरूही नये. ज्या घरात मुलाने दाखवलेला दोष बाप खोडून दुरुस्त करतो, आणि दोष दाखवला म्हणून त्या रात्री मुलाच्या ताटातले काही कमी होत नाही, तेथे तर्कशास्त्र शिकवण्यास पुस्तक लागत नाही. जेम्स मिल ह्यांच्या घरात ग्रंथ भरपूर होते. मुलगा अडलेला शब्द विचारीत होता आणि बाप न रागावता सांगत होता, तेवढ्या वेळेपुरते त्या टेबलावर सर्व काही होते. पुढे मुलाला शब्दाहून मोठे काही विचारायचे होते, तेव्हा त्याला वाटले, हे आपल्या वडिलांना विचारता येणार नाही. आपल्या घरातल्या मुलाला तसे वाटते काय, हे त्यालाच विचारून पाहावे.